घोडा, मैदान आणि फोटो

गाईचा फोटो काढणे सोपे असते. गाय रवंथ करीत आपल्याकडे पाहते, आपण बटण दाबतो आणि दोघेही आपापल्या कामाला लागतो. म्हशीचा त्याहून सोपा. फोटो काढून झाला तरी ती तशीच उभी असते. आपला फोटो निघाला ही बातमी तिच्यापर्यंत बहुधा दुसऱ्या दिवशी पोचत असावी. गाढवाचा चेहरा तर जन्मतःच पासपोर्टच्या फोटोसारखा असतो, त्यात छायाचित्रकाराने भर घालावी असे काही उरतच नाही. पण घोडा? घोडा आधी कान हलवतो, मग शेपूट झाडतो, मग मान उडवतो, आणि आपण एक डोळा मिटून, श्वास रोखून बोट टेकवेपर्यंत चौकटीत त्याची फक्त पाठमोरी बाजू शिल्लक राहते. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. घोड्याचा फोटो काढू पाहणाऱ्याला हा उपदेश पाळता येत नाही, कारण पुढून जावे तरी घोडा दोन मिनिटांत आपल्याला मागे आणून उभे करतो.

आता कुणी म्हणेल, नसला निघत घोड्याचा फोटो तर न निघो, त्यावाचून कुणाचे अडले आहे? पण आमच्या नांदेड-लातूरकडच्या माणसाचे अडते. आमच्या भागाचा बराचसा इतिहास घोड्याच्या पाठीवर घडला. कंधार, उदगीर, औसा हे आमचे किल्ले. या तिन्हींच्या दरवाजांतून शतकानुशतके जे काही आत-बाहेर झाले ते टापांच्या आवाजात झाले. आणि या सगळ्या घोड्यांपैकी एकाचाही चेहरा आपल्याला ठाऊक नाही. माणसांची नावे आहेत, तहांची कलमे आहेत, कोणत्या किल्ल्याच्या बदल्यात कोणता मुलूख गेला याचे हिशेब आहेत. घोडे मात्र 'फौज' या एका शब्दात एकगठ्ठा बसवलेले.

उदगीरचेच घ्या. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला उदगीर आणि औशाच्या दरम्यान कोंडीत पकडले. निजामाचा पराभव झाला. दौलताबाद, अहमदनगर, विजापूर, असीरगड, बुऱ्हाणपूर अशी एकाहून एक नावाजलेली ठिकाणे आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख मराठ्यांकडे आला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा गाजल्या. शाळेत असताना आम्ही ही लढाई फार अभिमानाने पाठ केली, कारण पुस्तकात आमच्या भागाचे नाव येण्याचे प्रसंग मोजकेच. पण लढाई संपल्यावर घोड्यांचे काय झाले, हे पुस्तकात नव्हते. ते आता कळते. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर जानेवारीतच पडल्याची बातमी आली आणि मार्च महिन्यात हीच फौज परतूडहून उत्तरेकडे निघाली. म्हणजे उदगीरच्या ज्वारीच्या रानात ज्यांनी कडबा खाल्ला, त्यांतले कितीतरी घोडे चालत चालत थेट पानिपतावर गेले. १४ जानेवारी १७६१ ला तिथे जे झाले ते मराठी माणसाला सांगायला नको. वर्ष पुरते उलटले नव्हते. 'घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं' ही म्हण कुणी घडवली ते ठाऊक नाही, पण त्याने लष्कराच्या मागून बरेच चालून पाहिले असणार.

या घोड्यांचा फोटो असणे शक्यच नव्हते. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली, म्हणजे उदगीरनंतर तब्बल ७९ वर्षांनी. इतिहासाची ही नेहमीचीच खोड. बघण्यासारखे सगळे आधी उरकून घेतो आणि कॅमेरा मागाहून पाठवतो. वरातीमागून घोडे म्हणतात ते उगाच नाही. इथे मात्र घोडे वेळेवर होते, वरातच मागाहून आली.

फोटो नसला तरी घोडा ओळखावा लागतच होता. सरकारी पगार घेऊन हजेरीच्या दिवशी शेजाऱ्याचे तट्टू उभे करणारे स्वार सर्व राज्यांत आणि सर्व काळांत होऊन गेले. अकबराने त्यावर तोड काढली ती 'दाग' आणि 'चेहरा' यांची. घोड्याच्या अंगावर डागणी द्यायची आणि स्वाराचे वर्णन कागदावर उतरवून ठेवायचे. जगातल्या पहिल्या ओळखपत्रांपैकी हे एक असावे. यात माणसाचा चेहरा नुसता लिहून भागले, घोड्याला मात्र तापलेले लोखंड सोसावे लागले, हे ओघानेच आले.

वर्णन करण्याच्या कामात आपली मराठी भाषाही काही मागे नाही. मोटारीच्या रंगाला आपण 'ती लाल गाडी' म्हणून मोकळे होतो. घोड्याला मात्र अबलख, कुमाईत, मुश्की, सबजा असे शब्द आहेत. चारी पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असेल तर तो पंचकल्याणी. गळ्यावर विशिष्ट जागी भोवरा असला तर देवमण, आणि असा घोडा दारी असला की घरात बरकत. चालीचे शब्द वेगळे: रवाळ, दुडकी, भरधाव. ज्याला हे शब्द येत त्याला फोटोची गरज नव्हती. 'देवमण असलेला पंचकल्याणी कुमाईत, रवाळ चालीचा' एवढे पत्रात लिहिले की दहा कोसांवरच्या पाव्हण्याच्या डोळ्यांपुढे घोडा उभा राहायचा. आज आपल्याकडे खिशाखिशात कॅमेरा आहे आणि घोड्याला आपण 'ब्राऊन कलरचा' म्हणतो.

आणि अगदीच चित्र नव्हते असेही नाही. ते होते, आणि घरोघरी होते. आपल्या देवघरातला खंडोबाचा टाक आठवा. तळहाताच्या आतच मावणारा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला घोडा आणि घोड्यावर देव. कथा अशी की खंडोबाने मणी आणि मल्ल या दैत्यांचा पाडाव केला तेव्हा मणी शरण आला आणि त्याने आपला पांढरा घोडा देवाला अर्पण केला. म्हणजे देवाच्या टाकावर जो घोडा आहे तो मुळात शत्रूचा आहे! आपण मात्र हळद-खोबरे उधळताना तो मूळचा कुणाचा हे कधी विचारीत नाही. रोज पुसून पुसून त्याचे नाक-डोळे सपाट होतात, पुढे पुढे देव कुठला आणि घोडा कुठला हेही नीट उमगत नाही. तरी आजी बरोबर सांगते, 'हा खंडोबा.' तिला चित्राची गरज नसते. तिच्या आजीने तिला सांगितलेले असते.

आता आपण मूळ अडचणीकडे येऊ. घोडा उभा असताना हलतो ही एक गोष्ट. पण धावताना तो नेमके काय करतो, हे माणसाला हजारो वर्षे ठाऊकच नव्हते. ज्या प्राण्याच्या पाठीवर बसून त्याने अर्धे जग जिंकले, त्याचे पाय कसे पडतात हे त्याला सांगता येत नव्हते. आपल्याकडच्या शिकारीच्या चित्रांत पाहा, नाहीतर पॅरिसच्या लूव्रमधले जेरिकोचे १८२१ चे शर्यतीचे चित्र पाहा. घोडे पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणून, पोट जमिनीला समांतर ठेवून हवेतून पोहत चालले आहेत. दिसायला फार देखणे. फक्त घोडा असा कधी धावत नाही.

हे सिद्ध केले एडवर्ड मायब्रिज नावाच्या विक्षिप्त इंग्रज छायाचित्रकाराने, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. पैसा लेलंड स्टॅनफर्ड या रेल्वेवाल्या धनिकाचा. जून १८७८ मध्ये पालो आल्टोच्या धावपट्टीकडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले, पट्टीवर आडवे धागे ताणले आणि सॅली गार्डनर नावाची घोडी त्यावरून भरधाव सोडली. घोडी धागे तोडत गेली आणि तिने स्वतःचेच बारा फोटो काढून घेतले. छायाचित्रकाराला घोड्याच्या मागे धावावे लागू नये यासाठी केलेली ही मला ठाऊक असलेली सर्वांत शहाणपणाची योजना. फोटो धुऊन पाहिले तर घोडीचे चारी पाय एका क्षणी खरेच अधांतरी होते. पण ते ताणलेले नव्हते, तर पोटाखाली गोळा झालेले होते, गाठोडे बांधल्यासारखे!

चित्रकारांच्या गोटात हाहाकार उडाला. मेसोनिए हा फ्रेंच चित्रकार घोड्यांसाठी विशेष नावाजलेला. धावत्या घोड्याचे निरीक्षण करता यावे म्हणून त्याने बागेत रूळ टाकून, गाडीत बसून, शेजारून घोडा पळवून पाहिला होता. एवढे करूनही डोळ्याला जे दिसले नाही ते काचेच्या एका पट्टीने दाखवले. आपली मराठी भाषा मात्र या प्रकरणातून सुखरूप सुटली. आपण म्हणतो, 'घोडा चौखूर उधळला.' चार खूर उधळले एवढेच. पुढे की मागे, ताणून की गोळा करून, याबद्दल आपण कधी अवाक्षर काढले नाही. मोघम बोलण्याचे फायदे असतात ते असे.

मायब्रिजकडे एका घोडीसाठी बारा कॅमेरे होते. माझ्याकडे अख्ख्या यात्रेसाठी एक कॅमेरा होता आणि त्यात बारा फोटो. कॅमेरा अॅग्फा क्लिक थ्री. ज्यांनी तो वापरला त्यांना त्याचे चौकोनी, भाबडे रूप आठवत असेल. त्याचे शटर इतके निवांत की ते उघडून मिटेपर्यंत घोडा पुढच्या गावात जायचा. स्थळ माळेगाव, साल १९८१, डिसेंबर अखेर.

माळेगाव हे नांदेडहून लातूरला जाताना लोहा ओलांडले की लागणारे खंडोबाचे ठाणे. मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमाराला तिथे यात्रा भरते, आणि यात्रेत घोडे, गाढवे, उंट, कुत्रे, लाल कंधारी आणि देवणी बैल असा सगळा गोतावळा लोटतो. शिवाय कुस्त्या, तमाशाचे फड, पाळणे आणि भज्यांचा वास. लातूर तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, उस्मानाबादेतच होता. त्यामुळे आम्हा नांदेडकरांना लातूरकरांशी बरोबरीच्या नात्याने वाद घालण्याची गरज अजून पडत नसे.

माझ्यासोबत एक मित्र होता. घोड्यांविषयी त्याचे ज्ञान अधिकारी समजले जाई, कारण लहानपणी त्याला एका टांग्याच्या घोड्याने लाथ मारली होती. तो दर दहा पावलांवर थांबून 'हे काठेवाडी', 'हे मारवाडी', 'हे आपलं दख्खनी, भीमथडीचं' असे सांगे. भीमथडीचे तट्टू म्हणजे भीमेच्या काठचे, ठेंगणे, काटक, डोंगर चढणारे, मिळेल त्यावर भागवणारे. मराठ्यांच्या दौडी या जनावराच्या जिवावर झाल्या. अलीकडे या घोड्याची देशातली एक स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली आहे. अटकेपार जाऊन आल्यावर अडीचशे वर्षांनी दाखला मिळाला. आपल्या कचेऱ्यांचा वेग पाहता यात तक्रारीला जागा नाही.

घोड्यांचा बाजार गावाबाहेरच्या माळावर होता. हिवाळ्याची सकाळ, तुरीची रानं पिवळी पडलेली, आणि त्या उघड्या माळावर शेकडो घोडी. पळवून दाखवणारे पळवत होते, धूळ उठत होती, उन्हात ती सोन्यासारखी दिसत होती. मी अकरा फोटो काढले. धावत्या घोड्यांचे काढले. मग कडेला एक करड्या रंगाची घोडी दिसली. उंचीला बेताची, पण मान अशी ठेवून उभी की वाटावे ही माळरानाची मालकीण आहे. तिच्याजवळ साठीचा एक माणूस उकिडवा बसलेला. धोतर, पटका, तोंडात काडी. मी कॅमेरा डोळ्याला लावला तसा तो उठला.

'काय करूलालाव?'

'फोटो काढतोय मामा. हरकत नाही ना?'

'तिचा? हरकत काय असावी? पन ती हाय कुठं आता माझी? आत्ताच सौदा झाला न्हवं.'

सौदा झाला होता. उपरण्याखाली बोटे धरून, कुणाला आकडा कळू न देता. घेणारा देगलूरकडचा, पैसे मोजून चहा प्यायला गेला होता. मामा लातूरचे टांगेवाले. स्टेशनापासून गंजगोलाईपर्यंत बारा वर्षे ही घोडी त्यांनी चालवली. आता रिक्षा आल्या. रिक्षाला चंदी लागत नाही, नाल लागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे रिक्षा उतारूच्या पोरांना घाबरत नाही. गिऱ्हाईक तुटले. थोरला मुलगा रिक्षाच चालवतो, असे त्यांनी सांगितले. तेही कुणी दुसऱ्याच्या घरचे सांगावे तसे.

मी म्हटले, 'मामा, फोटोची एक प्रत तुम्हांला पाठवतो. पत्ता सांगा.'

ते म्हणाले, 'मला नगं. मला काय करायचाय फोटू? माझ्या ध्यानात हाय ती.' मग थोडा वेळ काडी चघळून म्हणाले, 'द्याचाच आसला तर त्या देगलूरवाल्याला द्या. आन् मागं तिचं नाव लिवा. मैना. मैना म्हनून. त्याला मी सांगितलंय, पन लोक इसरतेत. तो दुसरंच काईतरी नाव ठिवील, आन् हाक मारली तरी ही मान वळवायची न्हाई. मग मार खाईल उगं.'

मी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. बारावा फोटो. बोट टेकवले आणि त्याच वेळी मामांनी, सवयीने म्हणा, शेवटचे म्हणून म्हणा, हाक मारली, 'मैना!' घोडीने मान वळवली.

तो फोटो माझ्याजवळ अजून आहे. अकरा धावत्या घोड्यांचे अकरा फोटो म्हणजे अकरा प्रकारचे धुके. पण या बाराव्यात चारी पाय स्वच्छ आले आहेत, लगाम स्वच्छ आला आहे, पाठीमागचा माळ आणि तुरीची ओळ स्वच्छ आली आहे. फक्त जिथे मान आणि तोंड असायला हवे तिथे वाऱ्याची एक झुळूक आहे. मित्र म्हणाला, 'वाया गेला.' मला तसे वाटले नाही. आवाजाचा फोटो निघत नाही असे म्हणतात. हा निघाला आहे. एक प्रत मी देगलूरच्या पत्त्यावर टपालाने पाठवली. मागे मोठ्या अक्षरांत लिहिले: 'मैना. हाक मारली की वळते.'

नाव लिहिण्याचे महत्त्व तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते. मग जुने फोटो पाहताना मी आधी पाठीमागे, खाली, कडेला काय लिहिले आहे ते पाहू लागलो. मायब्रिजच्या त्या प्रसिद्ध कार्डावर सगळे छापलेले आहे: घोडीचे नाव, मालकाचे नाव, वर बसलेल्या स्वाराचे नाव, ठिकाण आणि १९ जून १८७८ ही तारीख. सॅली गार्डनरला मरून शंभराहून अधिक वर्षे झाली, पण तिला आजही हाक मारता येते.

आमच्या बाजूला असे भाग्य कुणाला? आम्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. निजामाकडे छायाचित्रकार होता आणि तोही लहानसहान नव्हे. राजा दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधन्याचा, रुरकीच्या कॉलेजात शिकलेला. सहाव्या निजामाने त्याला दरबारी छायाचित्रकार केले आणि १८९४ मध्ये 'मुसव्विर जंग' असा किताब दिला. चित्र काढणारा लढवय्या! कॅमेरा घेऊन कुणी घोड्यांच्या बाजारात गेला असेल तर त्याला हा किताब मुळीच अतिशयोक्तीचा वाटणार नाही. पण दरबारी कॅमेरा दरबाराकडे तोंड करून उभा राहतो. राजवाडे, मेजवान्या, शिकारी, पाव्हणे लाटसाहेब. हिंगोलीच्या छावणीतल्या एखाद्या तट्टाने आपला फोटो निघेल अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता.

हिंगोलीला छावणी होती, आणि मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईलाही. 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची ती फौज. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. खर्च इतका थकला की १८५३ साली निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब हे मुलूख इंग्रजांच्या हवाली केले. घोड्याच्या चंदीपायी जिल्हेच्या जिल्हे गहाण! धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड अडकले ते अडकलेच. या फौजेत स्वार आपला घोडा आपणच आणायचा, आपल्या जुन्या शिलेदारासारखा. घोडा हीच त्याची नोकरी, घोडा हीच त्याची ठेव. १९०३ मध्ये यातल्या एका रिसाल्याचे नाव झाले '२० वी डेक्कन हॉर्स'.

पहिल्या महायुद्धात १९१४ साली ही डेक्कन हॉर्स फ्रान्सला गेली. घोड्यांसकट. तिथे पाहतात तो लढाई जमिनीखाली, खंदकांत चाललेली. मशीनगनपुढे घोड्याचे काय काम? जवळजवळ दोन वर्षे घोडे वाट बघत राहिले. शेवटी १४ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत बोलावणे आले. दिवस उजाडताना सुरू झालेल्या हल्ल्यात स्वारांना संध्याकाळी पुढे सोडले. हाय वूड नावाच्या जंगलाच्या अलीकडे उभे पीक होते, त्या पिकातून भाले रोखून हे घोडे धावले. काही शत्रू भाल्यांनी टिपले, रात्रभर जागा धरली आणि पहाटे माघारी यायचा हुकूम झाला. जंगल शत्रूकडेच राहिले. ते घ्यायला पुढे दोन महिने लागले.

त्या दिवशी हल्ल्याआधी कुणीतरी फोटो काढला. तो लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे आणि युद्धावरच्या कितीतरी पुस्तकांत छापला जातो. मोकळे रान, फेटे बांधलेले स्वार, आणि घोडे. घोडे उभे आहेत. घोड्याचा फोटो काढणाऱ्या कुणालाही हेवा वाटावा असे शांत उभे आहेत. काही तासांनी त्यांतले कोण उरणार होते, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि स्वारांनाही नव्हते. खाली लिहिले आहे: पलटणीचे नाव, कार्नॉयची दरी, तारीख. बस. एकाही स्वाराचे नाव नाही. घोड्याचे तर नाहीच नाही.

मी तो फोटो पुष्कळदा पाहिला आहे. त्यात आमच्याकडचा एखादा असेल का, हे शोधण्याचा वेडेपणाही केला आहे. प्रत्येक स्वाराने आपल्या घोड्याला काहीतरी नाव ठेवलेच असणार. घोड्याला नाव न ठेवता त्याच्या पाठीवर बसणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्या संध्याकाळी पिकात शिरताना ती सगळी नावे कुणी ना कुणी ओरडले असेल. फोटो इतका स्वच्छ आहे की लगामाच्या कड्या मोजाव्यात, आणि हाक मात्र एकालाही मारता येत नाही. डेक्कन हॉर्स अजून आहे. १९२१ च्या फेररचनेनंतर ती नववी झाली, आणि पुढे घोडे जाऊन रणगाडे आले. १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरच्या लढाईत तिचे शर्मन रणगाडे गाजले. आज पागेत घोडा नाही, नावात आहे. चला, नावात तरी आहे.

आणि नांदेडात याच्या नेमकी उलट गोष्ट आहे. गुरू गोविंदसिंहजी गोदावरीच्या काठी नांदेडला आले आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये इथेच त्यांचे निर्वाण झाले. महाराजा रणजितसिंहांनी १८३० नंतरच्या दशकात तिथे गुरुद्वारा बांधवला, तोच तख्त सचखंड श्री हजूर साहिब. गुरुद्वाऱ्याच्या तबेल्यात घोडे आहेत, आणि ते गुरूंच्या घोड्याच्या वंशातले आहेत अशी श्रद्धा आहे. या घोड्यांवर कुणी बसत नाही. दसऱ्याला, दिवाळीत, होळीच्या हल्लाबोलला ते सजून मिरवणुकीत निघतात. पाठीवर भरजरी झूल, गळ्यात माळा, आणि खोगीर रिकामे. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांची दाटी असते. हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो आणि घोडा पुढ्यातून जाताना हजारो फोटो निघतात. मोबाईलचे शटर मायब्रिजच्या कल्पनेपलीकडचे, त्यामुळे घोड्याची आयाळसुद्धा केसन् केस स्वच्छ येते.

या फोटोंत स्वार नाही. तीनशे वर्षांत कुणी त्याची जागा घेतलेली नाही. तरी शेजारच्या माणसाच्या खांद्यावर बसलेल्या चार वर्षांच्या पोराला विचारा, 'हा घोडा कुणाचा रे?' पोर क्षणभरही न थांबता नाव सांगते. कार्नॉयच्या दरीतल्या फोटोत सगळे स्वार आहेत आणि नाव एकाचेही नाही; इथे स्वार नाही आणि नाव सगळ्यांच्या तोंडी आहे.

म्हणून कॅमेरा हाती असलेल्या मंडळींना माझी एवढीच विनंती, की घोड्याचा फोटो हवा तेवढा हलू द्या, पण शेजारी जो कुणी उभा असेल त्याला जनावराचे नाव विचारा आणि ते लिहून ठेवा. पुसट तोंडाचा घोडा नावावरून ओळखता येतो. टाकावरचा आपण रोज ओळखतोच की!